अधोली रिकामी ठेवत नाहीत

कंपनीत माझ्या पाठीमागे मला ‘सोवळ्या मॅडम’ म्हणत. खोपोलीच्या कोकणी मुसलमान घरातली मी मुलगी. आमच्याकडे सोवळं-ओवळं कुणी पाळलं नाही, आणि नोकरीत नाव पडलं ते हे! पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी थक्क झाले, मग चिडले, आणि मग माझ्या लक्षात आलं की लोक काही खोटं बोलत नव्हते. त्या खोलीतला झाडू या खोलीत आणू नका, तिकडचं पोतं इकडे टेकवू नका, चप्पल बाहेर, डबा बाहेर, हात धुतलेत का, हेच तर मी दिवसभर ओरडत असे. ‘हात धुतलेत का?’ हे तर माझं पेटंट वाक्य. पॅकिंगच्या पोरी जेवणाच्या सुट्टीत माझ्या आवाजात ते म्हणून दाखवायच्या, आणि मी आलेली दिसली की एकदम गंभीर व्हायच्या.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. वेगळं ठेवणं हे काय काम आहे का? कुणी पूल बांधतं, कुणी बाळंतपणं करतं. मी आयुष्यभर दोन गोष्टी एकमेकींना शिवू दिल्या नाहीत. पण कर्जतजवळच्या कडाव गावची ती अधोली मला अजून विसरता येत नाही. तेव्हा लिहिते.

आमचा कारखाना खालापूर तालुक्यात, हायवेपासून आत. तिथे तांदळाचं पीठ होत असे. साधं भाकरीचं नव्हे, तान्ह्या बाळांच्या पेजेचं. बरंचसं परदेशी जायचं. तिथल्या गिऱ्हाइकाच्या अटी होत्या. पिठात गहू नको, शेंगदाणा नको, तीळ नको, कारण काही बाळांना ते बाधतं. आणि सगळ्यांत कडक अट अशी, की प्रयोगशाळेत गुणधर्म बदललेल्या बियाण्याचा अंशसुद्धा नको.

मुलाखतीत मीच साहेबांना विचारलं होतं, “आपल्याकडे असं बियाणं शेतात लावायची परवानगी आहे ती एकट्या कापसाला. मग तांदळात ते येणार कुठून?” साहेब हसले आणि म्हणाले, “येत कुठून नाही ते विचारा.” महिनाभरात मला उत्तर मिळालं. वेचलेल्या कापसातून रुई काढून घेतली की उरते सरकी. आताच्या कापसाच्या बियाण्यात एका जीवाणूचा गुण घातलेला असतो, म्हणजे बोंड खाणारी अळी मरते. तो गुण सरकीतही असतोच. सरकीचं तेल निघतं, त्यात फरसाण तळतात. सरकी भरडून, भिजवून म्हशीला घालतात, दूध दाट येतं. आपण कापूस अंगावर घालतो असं समजतो, पण त्याचं बी कधीच स्वयंपाकघरात आणि गोठ्यात येऊन बसलेलं आहे. आणि आमचा तांदूळ येणार कर्जतकडून, जिथे भाताच्या खळ्याला लागूनच गोठा.

तपासायची पद्धत सोपी. प्रत्येक पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसायची, तिच्यातून येणारा तांदूळ एका भांड्यात गोळा करायचा, कालवायचा, त्यातला थोडा दळून पाण्यात मिसळायचा आणि त्यात बोटाएवढी कागदाची पट्टी उभी करायची. पट्टीवर एक रेघ उमटली तर माल स्वच्छ. दोन उमटल्या तर सरकीतला तो गुण त्यात आहे. कडावच्या बायकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाला पदर लावून त्या हसत सुटल्या. एक म्हणाली, “मॅडम, तांदळाला दिवस गेलं का काय ते बघता?” मलाही हसू आवरेना. खरंच तशीच पट्टी ती, आणि वाट बघतानाची छातीतली धडधडही तशीच.

या कामात धक्के बसायचे ते भलत्याच ठिकाणी. एकदा त्या परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. उंचापुरा, अतिशय सभ्य माणूस. त्याने झाडूंचे रंग तपासले, गोदामाच्या फटी बॅटरी लावून पाहिल्या, माझ्या नखांकडेसुद्धा पाहिलं. मी नुसती फुलले होते. मग जेवायला कॅन्टीनमध्ये बसला. आमच्या आचाऱ्याने पाहुणा म्हणून कांदाभजी काढली. त्याला ती इतकी आवडली की दोनदा मागून घेतली. मी सहज आत डोकावले तर कढईशेजारी सरकीच्या तेलाचा डबा! मला वाटलं, संपलं सगळं. साहेबांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “नसीमबाई, तेल त्यांच्या पोटात गेलं, पिठात नाही. अट पिठाची आहे.”

दुसरा किस्सा मक्याच्या व्यापाऱ्याचा. मधे काही काळ आम्ही मक्याचं पीठही करायचो. हा गृहस्थ ट्रक घेऊन आला, गळ्यात साखळी, तोंडात पान. पट्टीवर दोन रेघा. त्याच ट्रकातून आधी सरकी गेली असणार, पण तो कबूल करेना. “बाई, अजून एकदा बघा,” म्हणाला. मी नाही म्हटलं. “एकदाच बघा हो, तुमच्या पोराबाळांची शपथ.” मी म्हटलं, “पुन्हा पुन्हा तपासत बसलं तर कधी ना कधी एक रेघ येणारच. मग तपासायचं कशाला? पट्टी एकदा बोलली ती बोलली.” तो लालबुंद झाला. माझा नमुना घ्यायचा थाळा उचलून म्हणाला, “हे तुमचं भांडंच घाण आहे!” आणि तो थाळा आपटून निघून गेला. मला त्या दिवशी शाबासकी मिळाली. माझं ते वाक्य साहेबांनी ट्रेनिंगमध्ये घेतलं, नव्या लोकांना मीच ते तालात म्हणून दाखवत असे.

पण त्या भांडणातून साहेबांनी एक नवा नियम काढला. इथून पुढे नमुना गोळा करायचं भांडं विकणाऱ्याने स्वतःचं आणायचं, म्हणजे कुणी आमच्या भांड्याकडे बोट दाखवणार नाही. आम्ही फक्त बघायचं की ते स्वच्छ, कोरडं आणि रिकामं आहे. नियम मला तेव्हा फार हुशारीचा वाटला.

आता कडावची गोष्ट.

सुनंदावहिनी ही कडावची. पन्नाशीच्या पुढची, काटक, बोलताना समोरच्याचं मनगट धरणारी. नवरा कर्जतला एका दुकानात, शेती हिच्याच अंगावर. कडावचा तांदूळ वर्षानुवर्षं व्यापारी उचलत आणि आपल्या पोत्यात, आपल्या नावाने विकत. वहिनीच्या डोक्यात होतं, आपला तांदूळ कडावचा म्हणून जावा. ती आमच्या कंपनीत स्वतः आली, गेटवरच्या माणसाशी भांडून आत शिरली आणि मला म्हणाली, “तुमाला चोख माल लागतो ना? आमच्याकडं हाय.”

तिने गावातल्या बायका गोळा केल्या. पुरुषमंडळी पारावर बसून हसत होती. ही बाई आता विलायतेला भात पाठवणार, म्हणत होती. वहिनीने त्या सगळ्यांसमोर शब्द दिला होता, आणि आता तो खरा करून दाखवणं हा तिच्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता. मी कडावला गेले आणि तिच्या अंगणात उभी राहून सगळ्या अटी खणखणीत वाचल्या. बियाणं एकाच ठिकाणचं. खळं वेगळं. पोती नवी. तांदळाजवळ दुसऱ्या वाणाचा दाणा नको, गहू नको, शेंगदाणा नको, तीळ नको. गोठ्यातली सरकी खळ्याकडे फिरकता कामा नये. धार काढलेले हात धुतल्याशिवाय पोत्याला लावायचे नाहीत. आणि एका हंगामात दोनदा दोन रेघा आल्या, तर गावाचं नाव यादीतून कायमचं जाणार. पुन्हा घेणार नाही.

वहिनीने माझं मनगट धरलं. “पोरीच्या लग्नात पण येवढ्या अटी नव्हत्या, मॅडम. पण घाला तुमी. आमी पाळू.”

आणि काय पाळल्या! मी कडक म्हणून प्रसिद्ध, पण या बायका माझ्याही वरताण निघाल्या. खळं सारवून त्याला दोरी बांधली. पाहुण्यारावळ्यांना चपला काढायला लावल्या. एकदा मी गेले तर एक म्हातारी मलाच दारात अडवून म्हणाली, “हात धुतलंस काय गं?” मला इतका आनंद झाला की मी निमूट जाऊन हात धुऊन आले.

नमुन्याच्या भांड्याचा प्रश्न आला तेव्हा वहिनी घरातून अधोली घेऊन आली. धान्य मोजायचं पितळी माप, अर्धी पायली मावेल एवढं, वरची कड आतल्या बाजूने दुमडलेली. तिच्या सासूची होती. “घरातलं धान्य भाईर जातं ते हिनंच मोजून,” ती म्हणाली. मी आत बोट फिरवून पाहिलं. “वहिनी, यात तांदळाचा जुना दाणा राहता कामा नये हं. एकसुद्धा.” तिने माझ्यादेखत चिंच लावून ती घासली, धुतली, उन्हात ठेवली. सोन्यासारखी लखलखत होती.

हंगामातली पहिली खेप निघाली. नमुना घेतला, सील केला, कारखान्यात आणला, पट्टी बुडवली. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. दुसरी रेघ फिकट नव्हती, चांगली ठसठशीत होती.

माझा विश्वासच बसेना. दुसऱ्या कुठल्याही गावाबद्दल मी म्हटलं असतं, घातला असेल घोळ. पण कडाव? वहिनीला फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, कुटून आलं?” हा प्रश्न तिने असा विचारला की जणू घरात साप निघाला आहे आणि तो कुठे दडलाय ते मला माहीत असावं.

ती खेप परदेशी गेली नाही. कंपनीने ती देशातल्या पाकिटांसाठी दळली. तिथे ही अट नव्हती. मी एरवी त्याचा विचार केला नसता. पण त्याच सुमारास शेलूला मुलीकडे गेले होते. नव्या इमारतीत तिचा फ्लॅट, नातू पाच-सहा महिन्यांचा. मुलीने ओट्यावरून आमच्याच कंपनीचं पाकीट उचललं आणि त्याची पेज करायला घेतली. पाकिटाकडे बघून मला कसंसंच झालं. त्या पेजेने काही होणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण तिकडच्या बाळांसाठी मी जे अडवलं, ते इकडे माझ्याच नातवाच्या वाटीत आलं होतं आणि मी तिथे उभी राहून काही बोलूही शकत नव्हते. मुलगी म्हणाली, “अम्मी, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, गाठी होऊ देऊ नकोस.”

मग मी शोध सुरू केला. पहिला संशय अर्थातच टेंपोवर. टेंपो शिळफाट्याच्या बाळारामचा, आणि तो एरवी डेअरीवाल्यांना सरकी पोचवायचा हे सगळ्यांना ठाऊक. मी टेंपोच्या कानाकोपऱ्यातली धूळ खरवडून तपासली. एक रेघ. बाळाराम बाजूला हाताची घडी घालून उभा होता. “तुमच्या मालासाठी दोनदा धुतो, मॅडम. बायको बोलते, सोताच्या अंगाला येवढं पानी घेत नाय.” गावच्या भातगिरणीतला कोंडा तपासला. एक रेघ. नवी पोती उलटी करून झटकली, खळ्याची माती घेतली, बायकांच्या हातांवरून ओला कापूस फिरवला. सगळीकडे एकच रेघ. इतकी स्वच्छता मी माझ्या कारखान्यातही पाहिली नव्हती, आणि तरी कुठून तरी ते येत होतं. मला त्याची भीतीच वाटायला लागली.

गावात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मुद्दाम केलं म्हणे. बायका एकमेकींच्या घराकडे तिरक्या नजरेने बघायला लागल्या. पारावरचे लोक वहिनीला येता-जाता विचारत, “काय, इमान चुकलं काय विलायतेचं?” वहिनी मान खाली घालून जायची. तिचा आवाज उतरला होता.

दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, सगळं इथेच, यांच्यासमोर करायचं. पट्ट्या, दळायचं छोटं यंत्र, पाण्याच्या बाटल्या घेऊन मी कडावला गेले. भर सकाळ होती, अंगणात ऊन. सगळ्या बायका गोल करून बसल्या, पारावरची मंडळीही कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मी माझी नळी सगळ्यांसमोर धुतली. वहिनी आतून अधोली घेऊन आली. मी आत पाहिलं, लखलखीत, कोरडी, रिकामी. प्रत्येक पोत्यात नळी खुपसली, तांदूळ अधोलीत पडला, आम्ही तो कालवला. दळला. पाणी घातलं. पट्टी ठेवली.

पहिली रेघ आली. मी मनात ‘बास, बास’ म्हणत होते. मग खाली दुसरी रेघ उमटली.

मी काही सांगायची गरजच नव्हती, पट्टी वाचायला त्या केव्हाच शिकल्या होत्या. एक बाई रडायला लागली. कुंपणापाशी कुणीतरी ‘च्यक्’ केलं. वहिनी मात्र उठली, अधोलीतला उरलेला तांदूळ तिने ताटात ओतला आणि अधोली घेऊन आत गेली. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी पाणी मागायच्या निमित्ताने तिच्या मागे गेले.

देवाच्या फळीपाशी ती पाठमोरी उभी होती. तिने स्टीलचा एक डबा उघडला, त्यातून मूठभर काहीतरी घेतलं, अधोलीत घातलं आणि अधोली फळीवर ठेवून हात जोडले.

“वहिनी,” मी म्हटलं, “त्यात काय घातलंत?”

“काय नाय. मूठभर दाणे.”

“कसले?”

“सरकी.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि अगदी सरळपणे सांगितलं, “माप रिकामं ठेवत नाय, मॅडम. घरात माप रिकामं म्हंजे घर रिकामं. येरवी तांदूळच असतो त्यात. तुमी बोल्लात, तांदळाचा दाणा नको. गहू नको, तीळ नको, शेंगदाणा नको. मग घालू काय? सासूबाई असत्या तर इचारलं असतं. मी बोल्ली, सरकी घालू. ती काय कोन खात नाय.”

“पण सरकी नको म्हणून मी किती वेळा…”

“गोठ्यातली नको बोल्लात ना? शेणाची, धुळीची. ही गोठ्यातली नाय. शिळफाट्यावरनं नवी आणली, चाळली, निवडली. तुमच्या कामाला माप काढायच्या येळंला वतून टाकते, पदरानं पुसते. धुतलेल्या पदरानं.”

मी अधोली उतरवून घेतली आणि ती दुमडलेली कड पिनेने खरवडली. सरकीवर बारीक पांढरी लव असते. त्या लवेचे चार तंतू आणि पिठासारखी भुकटी निघाली. पट्टीवर दोन रेघा आल्या, काळ्याभोर.

इतकी वर्षं मी सरकीला नुसतं सरकी कधीच म्हटलं नव्हतं. म्हणायचे ‘गोठ्यातली सरकी’. आणि ‘हात धुवा, चपला काढा, झाडून घ्या’. त्या बायकांनी त्याचा अर्थ लावला तो अगदी बरोबर होता. सोवळ्या मॅडम स्वच्छता सांगतात, आपण स्वच्छता पाळायची. सरकीच्या पोटातच काय आहे ते त्यांना कुणी धड सांगितलंच नव्हतं. लखलखीत धुतलेली, निवडलेली सरकीही सरकीच राहते, हे त्यांना कसं कळावं?

मी बाहेर आले. दळायचं यंत्र आणि माझ्या डब्याचं झाकण उकळत्या पाण्याने धुवून घेतलं, झाकणात त्याच पोत्यांतला तांदूळ पुन्हा काढला. दळला, पट्टी ठेवली. एक रेघ. पुन्हा ठेवली. एकच रेघ. अंगणात कल्ला झाला, कुंपणापाशी उभे असलेले लोकही ओरडले. तांदूळ चोख होता! पहिल्या खेपेचाही चोखच असणार होता. मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नसीमबाई, पुन्हा पुन्हा तपासत बसलं तर कधी ना कधी एक रेघ येणारच. हे वाक्य तुमचंच आहे ना?”

“माझंच,” मी म्हटलं.

“आणि भांडं विकणाऱ्याचं होतं,” ते म्हणाले. “मला वाईट वाटतंय. पण दोनदा दोन रेघा आल्यात.”

मी भांडले. गिऱ्हाइकाला सविस्तर कळवायला लावलं. तिकडून उत्तर आलं, फार नम्र. तुमचं स्पष्टीकरण समजलं, गावकऱ्यांच्या परंपरेबद्दल आदर आहे, नियमात बदल करता येत नाही. कडावचं नाव यादीतून गेलं. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्या मक्याच्या व्यापाऱ्याला एकदा सवलत दिली असती तर माझ्या पट्टीला कुणी विचारलं नसतं. पण ज्यांनी सगळ्यांत मनापासून पाळलं त्याच बाहेर फेकल्या गेल्या, आणि तेही माझ्याच शब्दांनी, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

हे सांगायला मी पुन्हा कडावला गेले होते. वहिनीने ऐकलं आणि एवढंच विचारलं, “म्हंजे तांदूळ चांगला हाय?”

“अगदी चोख आहे, वहिनी.”

“मग झालं,” ती म्हणाली. पण त्या वेळी तिने माझं मनगट धरलं नाही. तांदूळ व्यापाऱ्याने उचलला, त्याच्या गोदामात इतर गावांच्या तांदळात मिसळला, त्याच्या नावाने गेला. एकदा मिसळलं की मग वेगळं करायची कुठलीही पट्टी जगात नाही. बायकांचा गट पुढच्या हंगामाला जमलाच नाही.

मी निवृत्त झाले. कारखान्यात आता दुसरी कुणी मॅडम असेल, तिलाही काही नाव पडलं असेल. मधे कर्जतला एका लग्नाला गेले होते, येताना राहवेना म्हणून कडावला उतरले. वहिनी थकली आहे, पण ओळखलं तिने लगेच. चहा झाला. निघताना म्हणाली, “थांबा, नातवाला तांदूळ घेऊन जा. तपासू नका फक्त.” दोघी हसलो. इतक्या दिवसांनी तिच्याबरोबर हसताना मला फार बरं वाटलं.

तिने तीच अधोली काढली, कणगीतला तांदूळ मोजून माझ्या पिशवीत ओतला. मग अधोली पदराने पुसली आणि फळीवर पालथी घालून ठेवली.

“वहिनी, रिकामी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आता रिकामीच ठेवतो आमी,” ती म्हणाली. “तवापासून. सुनेला पण तसंच सांगितलंय.” तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिने नियम पाळला होता, एवढंच.

माझी अम्मी शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. मी कुणाकुणाच्या घरातून काय काय काढून घेतलं होतं ते मला त्या पालथ्या अधोलीकडे बघून कळलं. मी ती सुलटी केली, पिशवीत हात घातला, मूठभर तांदूळ काढला आणि तिच्यात ओतायला गेले.

वहिनीने एकदम माझं मनगट धरलं.

“मॅडम,” ती काळजीने म्हणाली, “हात धुतलंत काय?”

ती थट्टा करत नव्हती. आणि मी हात धुतले नव्हते.